परभणीत सपाट रस्त्यावर 10 किमी आरामात धावतो. पहिली हाफ मॅरेथॉन (21.1 किमी) साताऱ्याची धरू की जानेवारीतली एखादी?

जानेवारीतली, सपाट रस्त्याची, शक्यतो मराठवाड्यातलीच धरा; सातारा दुसऱ्या वर्षी. तयारीचे 12 आठवडे कुठल्या हवेत पडतात हे सगळ्यात महत्त्वाचं. जानेवारीसाठीचा लांब पल्ल्याचा सराव दिवाळीनंतरच्या गार पहाटे होतो. साताऱ्याची स्पर्धा पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे पाया घालायचा तो मे-जूनच्या उकाड्यात. शिवाय तिथे आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग तोच उतरायचा. उतारावर मांड्यांचे पुढचे स्नायू भरून येतात, आणि सपाटीवर त्यांना तो सराव मिळतच नाही. नाव नोंदवण्याआधी एवढं बघा: सुरुवात साडेसहाच्या आत, पाणी दर 2-2.5 किमीवर, वेळेची मर्यादा किमान 3 तास. मात्र स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपर्यंत एकदा तरी सलग 16-18 किमी झाले नसतील, तर त्या स्पर्धेत 10 किमीच धावा.