विचारा, सांगते : सदाफुलीची पानं आणि चालू केमो

प्रश्न : माझ्या जाऊबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता खारघरला दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलची केमो चालू आहे. आमच्या मामेसासऱ्यांचं म्हणणं, केमोचं औषध सदाफुलीपासूनच बनतं, मग रोज सकाळी चार पानं चावून खायला काय हरकत आहे? त्यांनी लक्ष्मणफळाच्या पानांची पावडरही आणून दिली आहे. द्यावी का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही, ताई. दोन्ही देऊ नका.

मामेसासऱ्यांनी ऐकलेलं अगदीच खोटं नाही. जमैकात मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा चहा पितात, म्हणून 1950च्या दशकात कॅनडात तिची पानं तपासली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातूनच आधी व्हिनब्लास्टिन सापडलं आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. ठाण्यात हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करताना ते माझ्या हातून जायचं. प्रौढ माणसालाही एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. लेबलवर लिहिलेलं असतं : फक्त शिरेतून, अन्य मार्गाने दिल्यास प्राणघातक. हे औषध ग्रॅमभर मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, त्यामुळे चार पानांतून कॅन्सरवर चालेल इतकं पोटात जाणारच नाही. जातील ती पानातली बाकीची डझनावारी अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी झाडातली रसायनं, तीही किती जातील याचा काही नेम नाही. जाऊबाईंचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, केमोच्या आधी कशाला करतात? पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत ना, हे बघायला. त्या कमी भरल्या तर केमो पुढे ढकलतात.

आणि मुळात त्यांचं औषध सदाफुलीचं नाहीच. पॅक्लिटॅक्सेल आलं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून. मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी 1971मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली. (वाणींचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.) अमेरिकेत औषध म्हणून मंजुरी मिळायला 1992 उजाडलं. एक अडचण म्हणजे हे पाण्यात विरघळतच नाही. म्हणून नेहमीच्या इंजेक्शनात ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळतात. त्या द्रावकाची काहींना जोरदार अ‍ॅलर्जी येते. सलाइन लावण्याआधी जाऊबाईंना स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देतात ते त्यासाठीच. झाडातलं औषध माणसाच्या शिरेत पोचवायला इतका खटाटोप करावा लागतो.

लक्ष्मणफळाची मला जास्त धास्ती वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर ते केमोहून कितीतरी पट भारी म्हणून फिरतं, पण त्याचा आधार प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी. बशीत पेशी मारणारे पदार्थ ढीगभर असतात. याउलट कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर हे फळ खाणाऱ्या आणि त्याच्या पानांचा चहा पिणाऱ्या लोकांत पार्किन्सनसारख्या मेंदूच्या विकाराशी त्याचा संबंध आढळला आहे. पॅक्लिटॅक्सेलने मुळातच हातापायांना मुंग्या येतात. त्यात ही पावडर सुरू केली आणि उद्या बटण लावताना बोटं अडखळली, तर डॉक्टरांनी दोष कशाला द्यायचा?

काढ्यांनाही हेच लागू. पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृत करतं. 2021मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. डाळभाजीतली हळद खुशाल घाला, हळदीच्या कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नकोत.

आधी काही पानं किंवा पावडर पोटात गेली असेल, तर लपवू नका. पावडरचं पाकीटच फाइलबरोबर पिशवीत टाका आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवा. रागावतील म्हणून घाबरू नका, त्यांना हे रोजचंच आहे. मामेसासऱ्यांना मदतच करायची असेल, तर केमोच्या दिवशी त्यांना खारघरला सोबत न्या. रक्त तपासून रिपोर्ट येईपर्यंत अर्धा दिवस जातो, तिथे घरचं माणूस लागतंच.