घरी भट्टी बांधून सर्किट बोर्डांमधले सोने आणि तांबे काढता येईल का?

आपण विचारले आहे की, जुन्या संगणकांचे वीस-पंचवीस मदरबोर्ड साठले असून परसात भट्टी बांधून त्यांतील तांबे आणि सोने काढायचे आहे, तर भट्टी कशी बांधावी. मी कोल्हापुरात बिडाच्या फाउंड्रीत नोकरी करतो आणि घरामागे माझी स्वतःची एक लहान भट्टी आहे. आपण भट्टी जरूर बांधा. मात्र बोर्ड तिच्यात घालू नका.

भट्टी तापत गेली की प्रत्येक धातू आपापल्या वितळणबिंदूला गळून वेगळा होईल, अशी अनेकांची कल्पना असते. कथील 232 अंश सेल्सिअसला आणि शिसे 327 अंशांना वितळते, त्यामुळे सोल्डरपुरते, म्हणजे बोर्डावरचे भाग जोडणाऱ्या कथील-शिशाच्या डाखापुरते, ते थोडेफार खरेही आहे. परंतु सोने 1064 अंशांना वितळते आणि तांबे 1085 अंशांना. शिवाय वितळलेल्या तांब्यात सोने, चांदी, पॅलेडियम हे सगळे दुधात साखर विरघळावी तसे विरघळून जाते. जर्मनीत ल्युनेन येथे ऑरुबिस कंपनीचा कारखाना याच गुणाचा उपयोग करून घेतो: तांब्यालाच मौल्यवान धातू गोळा करू द्यायचे, त्याच्या जाड पाट्या ओतायच्या, त्या विद्युत-शुद्धीकरणाच्या टाकीत (जिथे विजेच्या प्रवाहाने शुद्ध तांबे वेगळे होते) सोडायच्या आणि तळाशी जो गाळ बसेल त्यातून पुढे सोने-चांदी काढायची. म्हणजे भट्टी ही या कामाची पहिली पायरी आहे. परसातल्या मुशीतून आपल्या हाती येईल तो कथील, शिसे, लोखंड मिसळलेल्या तांब्याचा काळपट गोळा. सोनाराच्या पेढीतली माती धुणाऱ्या झारेकऱ्याला निदान सोन्याचा कण तरी सापडतो. बोर्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर असतो तो सोन्याचा मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही पातळ मुलामा. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी जपानने सुमारे 79,000 टन लहान उपकरणे गोळा केली, त्यात 62 लाखांवर मोबाइल होते, आणि त्या सगळ्यातून सोने मिळाले 32 किलो.

धुराची बाब याहून गंभीर आहे. बोर्ड म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी राळ, आणि आग लागू नये म्हणून त्या राळेत बहुधा ब्रोमिनची संयुगे मिसळलेली असतात. ती जळताना डायॉक्सिनच्या जातीची विषे तयार होतात, त्यांना तांबे उत्प्रेरक म्हणून हातभार लावते, आणि धूर साधारण 450 ते 200 अंशांच्या टप्प्यातून सावकाश थंड होत गेला तर ती नव्याने बनत राहतात. कारखान्यात वायू अतिशय तापवून मग एकदम थंड करतात. आपल्या धुराड्यातून तो रमतगमत वर जातो आणि शेजारच्या गच्चीवरच्या पापडांवर उतरतो. पितळेच्या कामासाठी नावाजलेल्या मुरादाबादेत रामगंगेच्या काठी असे बोर्ड जाळून उरलेल्या काळ्या राखेचे ढीग साचले, हे उदाहरण पुरेसे आहे.

आता भट्टीबद्दल. रंगाचा वीस लिटरचा पत्र्याचा डबा, आत सिरॅमिक वूलचे (उष्णता अडवणाऱ्या लोकरीचे) प्रत्येकी 25 मिलिमीटरचे दोन थर आणि त्यावर फायर क्लेचा लेप. लेप टाळू नये, कारण त्या लोकरीचे तंतू सुटले की थेट छातीत जातात. तळाजवळ हवेची नळी तिरकी बसवावी; ती साध्या लोखंडाची असावी, जस्ताचा मुलामा दिलेली नको, कारण तो मुलामा तापला की त्याच्या धुराने ताप भरतो. लाकडी कोळसा, लहान ब्लोअर आणि ग्रॅफाइटची मूस एवढ्यावर ॲल्युमिनियम सहज वितळते, कारण त्याला 660 अंशच लागतात.

आणि ॲल्युमिनियम आपल्याकडे आहेच: प्रोसेसरवरचे हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणारे पात्यापात्यांचे ठोकळे. पंखा, स्प्रिंग, पोलादी पट्ट्या काढून ते मुशीत घातले की बराच वेळ काहीच घडत नाही. मग पाती एकाएकी खचतात आणि वर करडी साय धरते. ती लोखंडी पळीने बाजूला सारली की खाली आरशासारखा धातू दिसतो. मी तो बिडाच्या जुन्या आप्पेपात्रात ओततो (घरातून त्याची परवानगी मिळायला दोन महिने लागले). एकदा जुलैत ते पात्र न तापवताच ओतण्याची चूक मी केली. डोळ्यांना दिसणारही नाही इतका दमटपणा त्यात होता, पण त्याची वाफ झाली आणि धातू फट्कन उडाला. चामडी बूट होते म्हणून पाय वाचला. पँटला पडलेली भोके अजून आहेत. तेव्हापासून साचा आधी भट्टीच्या झाकणावर तापवतो, आणि खाली सिमेंटची फरशी नव्हे तर कोरडी वाळू असते.

बोर्डांचे म्हणाल, तर 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असे पुनर्चक्रण करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. माझ्याकडचे बोर्ड मी पोत्यात भरून अशाच एका नोंदणीकृत कंपनीला वजनावर दिले. हीटसिंक अर्थातच आधी काढून ठेवले होते.