कासवाची अंडी आणि बेटाची मालकी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मूट कोर्टसाठी, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यासाठी, दोन देशांतल्या बेटाच्या मालकीच्या वादावर केलेलं तुझं टिपण वाचलं. भाषा नेटकी आहे, पण निम्मी पानं जुने नकाशे आणि ‘बेट आमच्या किनाऱ्याला जवळ आहे’ या मुद्द्यावर खर्ची पडली आहेत. असले मुद्दे सभेत टाळ्या मिळवतात, न्यायाधीशांपुढे त्यांना फारसा भाव नाही. जवळिकीचा दावा तर १९२८ सालीच निकालात निघाला. अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यातल्या पाल्मास बेटाच्या लवादात लवाद मॅक्स ह्यूबर यांनी अमेरिकेचा हा युक्तिवाद फेटाळला आणि बेट नेदरलँड्सला दिलं, कारण तिथला कारभार डच सलग आणि उघडपणे पाहत आले होते.

लिगितान आणि सिपादान या बोर्निओजवळच्या दोन बेटांवरून इंडोनेशिया आणि मलेशियात झालेल्या वादाचा, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २००२ चा निकाल मात्र सावकाश वाच. इंडोनेशियाची भिस्त १८९१ च्या ब्रिटिश-डच करारावर होती. त्या करारातली रेषा समुद्रात या बेटांपर्यंत येतच नाही, असं न्यायालयाने ठरवलं. मालकी आधीच्या सत्तांकडून हस्ते-परहस्ते आपल्याकडे आली, ही मलेशियाची वारसाहक्काची साखळीही टिकली नाही. मग मलेशियाकडे उरलं काय? तिथल्या ब्रिटिश अमदानीतला कारभार: कासवाची अंडी गोळा करण्यावर नियंत्रण आणणारा १९१७ चा कायदा, सिपादानला पक्ष्यांसाठी राखीव ठरवणारा १९३३ चा आदेश आणि १९६२-६३ मध्ये उभारलेली दीपगृहं. एवढ्या कागदांवर दोन्ही बेटं मलेशियाला मिळाली, सोळा विरुद्ध एक मतांनी. इंडोनेशियाने आपले मच्छीमार तिथे पूर्वापार जातात असं सांगितलं होतं. पण सरकारी नियमाखाली किंवा सरकारच्या वतीने नसलेला खासगी वावर मालकी सिद्ध करत नाही. तुझ्या टिपणातला कोळ्यांचा परिच्छेद म्हणूनच लंगडा पडतो. त्यांना परवाना कोण देत होतं, हे शोध.

दुसरी गोष्ट गप्प बसण्याची. सिंगापूर आणि मलेशियातल्या वादातल्या पेड्रा ब्रँका या खडकावरचा मूळ हक्क जोहोरचा (आता मलेशियातलं एक राज्य) होता, हे न्यायालयाने मान्य केलं. तरी २००८ मध्ये खडक सिंगापूरकडे गेला. सिंगापूरच्या वसाहती प्रशासनाने १९५३ मध्ये पत्र पाठवून खडकाबद्दल विचारणा केली होती आणि जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवाने कळवलं की जोहोर त्यावर मालकी सांगत नाही. पुढची कित्येक वर्षं सिंगापूर तिथे मालकासारखं वागत राहिलं आणि पलीकडून कुणी हरकत घेतली नाही. एका कारकुनी उत्तराने केवढं नुकसान व्हावं! मला हा निकाल थोडा कठोर वाटतो, आणि चार न्यायाधीशही विरोधात होतेच. पण निकाल तो निकाल.

अधिकारक्षेत्राचा भाग तू दोन ओळींत उरकला आहेस. तो पहिल्या पानावर घे. दोन्ही देशांची संमती नसेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालय प्रकरणाला हात लावत नाही. दोक्दो, म्हणजे जपानी लोकांचं ताकेशिमा, यावरचा वाद तिथे नेऊ असं जपानने १९५४ आणि १९६२ मध्ये सुचवलं. ताबा असलेल्या दक्षिण कोरियाने नकार दिला. ताबा ज्याच्याकडे, त्याला कोर्टाची घाई कशाला असेल? संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराची वाटही इथे कामाची नाही. त्याखालच्या २०१६ च्या दक्षिण चीन समुद्राच्या लवादाने बेटं कुणाची, हा प्रश्न बाजूलाच ठेवला होता.

कागद मात्र अस्सल हवेत. हवार बेटांच्या खटल्यात कतारने दाखल केलेल्या ८२ दस्तऐवजांच्या खरेपणावर बहारिनने आक्षेप घेतला आणि कतारला ते सोडून द्यावे लागले.

आता नव्याने लिहिताना आधी वाद नेमका कधी उघड झाला ती निर्णायक तारीख ठरव. त्यानंतर मुद्दाम उभारलेले झेंडे आणि चौक्या धरू नकोस. त्याआधीची प्रत्येक सरकारी कृती तक्त्यात वर्षवार मांड आणि समोरच्याच्या प्रत्येक कृतीपुढे आपल्या पक्षाने निषेध कधी नोंदवला ते लिही. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो भाषेने झाकू नकोस, त्यावर उत्तर तयार ठेव. मसुदा झाला की पाठव.

तुझे,
सर