कूलंट कमी होतंय? जुन्या हायब्रिड गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पाडवा झाला, ऊन चढलं की प्रश्नांचा रोख बदलतो. सोलापुरात फुल हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणाऱ्या, गाड्या मोजक्याच. बहुतेक प्रियस किंवा कॅम्री, २०१० ते २०१६ च्या, पुण्याहून किंवा हैदराबादहून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या. गाड्या थोड्या असल्या तरी गोंधळ सगळीकडे तोच आहे, म्हणून आधी एक गोष्ट नक्की करून घेऊ. या गाड्यांत कूलंटच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात, एक इंजिनची आणि एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा तो इन्व्हर्टर). दोन्हींच्या टाक्या वेगळ्या आणि पंपही वेगळे. मागची मोठी बॅटरी तिसरीच, ती पंख्याच्या हवेवर थंड होते. तेव्हा नुसतं ‘गाडी गरम होते’ असं लिहू नका. यातलं काय गरम होतं आणि डॅशबोर्डवर कुठला दिवा लागला, हेही लिहा.

प्रश्न : गुलाबी कूलंटमध्ये हिरवं टाकलं तर चालतं का? (बार्शी)

नाही. टाकलं असेल तर सगळं काढा, लाइन डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि पुस्तिकेत लिहिलंय तेच भरा.

प्रश्न : टाकी थोडी खाली गेली की मी घरचं बोअरचं पाणी घालतो. आता आरओचं घालू का? (विडी घरकुल)

बोअरचं बंद करा. आपल्याकडचं पाणी किती जड आहे, हे गिझरच्या कॉइलवर दिसतंच. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, पाणीमार्गात बसतो. क्षारांमुळे कूलंटमधली गंजरोधक द्रव्यंही लवकर संपतात आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. अडीनडीला बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी वापरा. टोयोटाचं गुलाबी कूलंट तयार मिश्रण म्हणून येतं, त्यात पाणी घालायचंच नसतं. पण पाणी कुठलं घालायचं यापेक्षा ते घालावं का लागतं, हा प्रश्न मोठा आहे. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात.

प्रश्न : २०११ ची प्रियस आहे. सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू झालं की दहा-पंधरा सेकंद गाडी जोरात थरथरते, मग दिवसभर काही नाही. प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, दोन कॉइल बदलल्या. कूलंट महिन्याला थोडं कमी होतं, पण मेकॅनिक म्हणतो उन्हाळ्यात ते उडतंच. तापमानाचा दिवा कधी लागलेला नाही. काळजीचं कारण आहे का? (जुळे सोलापूर)

आहे. आणि ‘उडतं’ म्हणणाऱ्यावर विसंबून राहिलात तर इंजिन जाईल.

कूलंटची लाइन बंद असते. गरम झालं की ते फुगून राखीव टाकीत जातं आणि थंड झालं की परत येतं. सोलापुरात ४३ अंश असोत, ते महिन्या-महिन्याला हवेत जात नाही. पातळी खाली जातेय याचा अर्थ कूलंट बाहेर गळतंय किंवा इंजिनात जळतंय. बाहेर गळत असेल तर पंप, होजचे जोड किंवा रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीपाशी गुलाबी-पांढरी पापडी दिसते. पापडी नाही, जमिनीवर ठिपका नाही, तरी पातळी उतरते आणि वर सकाळची थरथर, ही जोडी दिसली की पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पत्र्याच्या सीलवर घ्यायचा. रात्रभर दाबाखाली थेंब-थेंब कूलंट एका सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी तो सिलिंडर पेटत नाही म्हणून गाडी हलते. ओल जळून गेली की सगळं सुरळीत चालतं. तुमचे प्लग, कॉइल, इंजेक्टर बहुधा चांगलेच होते.

तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या १.८ लिटर इंजिनात हे दुखणं चांगलंच माहीत आहे, आणि त्याच्या जोडीला जवळपास नेहमी तुंबलेला ईजीआर कूलर सापडतो. जळालेल्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडायचा, म्हणजे ज्वलनाचं तापमान आटोक्यात राहतं, हे ईजीआरचं काम. हायब्रिडमध्ये इंजिन सारखं चालू-बंद होतं. सात रस्त्यावरून नवी पेठेत जाऊन यायचं म्हटलं तर ते धड तापतही नाही. ओलसर काजळी कूलरच्या बारीक जाळीत आणि इनटेक मॅनिफोल्डमधल्या चार छोट्या छिद्रांत साचत जाते. वायू कमी पोचला की ज्वलन जास्त गरम होतं, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) वाढतं, आणि गॅस्केटला ते वर्षानुवर्षं सोसावं लागतं. कधी स्कॅनरवर पी०४०१ येतो (ईजीआरचा वायू कमी पोचतोय, असा बिघाडाचा कोड). पुष्कळदा काहीच येत नाही.

आता काय करायचं ते क्रमाने. गाडी पूर्ण थंड असताना राखीव टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा, तारीख लिहा आणि आठवड्याने त्याच वेळी पाहा. रेघेखाली गेलं की थांबू नका. गॅरेजमध्ये तीन तपासण्या मागा. पहिली, प्रेशर टेस्ट : टोपीवर लिहिलेल्या दाबाइतका दाब थंड लाइनला रात्रभर देऊन ठेवायचा. दुसरी, सकाळी प्लग काढून बोअरस्कोपने, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने, पिस्टनचे माथे पाहायचे. तीन काळे आणि एक धुतल्यासारखा लखलखीत, किंवा त्यावर ओल, म्हणजे निदान झालं. तिसरी, कूलंटवरची हवा निळ्या रसायनातून ओढायची. रंग पिवळा झाला तर जळालेला वायू लाइनमध्ये येतोय. पण रंग बदलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, गळती लहान असताना ही तपासणी चुकते. ‘ऑइल पांढरं झालेलं नाही, म्हणजे गॅस्केट चांगलं’ हेही ऐकीव शास्त्र. कूलंट सिलिंडरमध्ये जात असेल तर ऑइल शेवटपर्यंत स्वच्छ दिसू शकतं.

उशीर का नको? साध्या गाडीत सिलिंडरमध्ये पाणी साचलं तर सेल्फ अडकतो, फार तर बॅटरी बसते. इथे इंजिन फिरवते ती हाय व्होल्टेजवरची मोटर-जनरेटर. तिची ताकद इतकी की ती अडून बसत नाही, इंजिन जोराने फिरवतेच. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड पुढेमागे ब्लॉकला भोक पाडतो. गॅस्केटच्या कामात सुटलं असतं तिथे अख्खं इंजिन बदलायची वेळ येते. गाडी सकाळी थरथरते आहे तोवर ती आणखी न चालवणंच उत्तम. गॅरेजला न्यायची तर फ्लॅटबेडवर न्या, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. या गाड्यांत चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार होते.

आणि ते बाटलीतलं ‘लीक-स्टॉप’! काउंटरवर कोणीतरी ते पुढे करणारच. त्याचा चिकट गाळ गॅस्केटच्या फटीपेक्षा आधी हिटर कोअर आणि इलेक्ट्रिक पंपाच्या पात्यांत बसतो. विकणाऱ्याचं काम तिथे संपतं आणि तुमचा खर्च वाढतो. गाडी विकायला काढलेले लोकही ते घालतात, हे वेगळं.

हेड उघडलंच तर काम अर्धवट करून घेऊ नका. हेडची सपाटी स्ट्रेट-एज आणि फीलर गेजने मोजून घ्या. ‘फेसिंग करून टाकू’ म्हणत हेड न मोजता लेथवर धाडणाऱ्याला आवरा. ब्लॉकचा पृष्ठभागही तपासायचा. हेडचे बोल्ट नवे घाला, आवळताना टॉर्क आणि कोन कंपनीच्या तक्त्याप्रमाणे. ईजीआर कूलर, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डची छिद्रं त्याच वेळी साफ झालीच पाहिजेत. कूलर इंजिनच्या मागच्या अंगाला आहे, वायपरखालचं पॅनेल काढावं लागतं, म्हणून टाळाटाळ होते. ते राहिलं तर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल. ज्याने हे इंजिन आधी उघडलंय अशालाच द्या, मग पुण्याला न्यावं लागलं तरी चालेल.

प्रश्न : उन्हाळ्यापुरता थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन थंड राहील ना? (अक्कलकोट रोड)

काढू नका. हायब्रिडचं इंजिन ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय बंदच होत नाही. थर्मोस्टॅट नसला की ते सिग्नललाही चालू राहतं, ॲव्हरेज पडतं, पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही, असा कोड) लागतो, आणि काजळी वाढते ती वेगळीच. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा बसवा.

प्रश्न : कॅम्री हायब्रिड, २०१४. टेंभुर्णीजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना हायब्रिड सिस्टीमचा इशारा आला, पिकअप गेला, एसी गरम हवा देऊ लागला. इंजिनचा काटा मात्र मधोमध होता. अर्ध्या तासाने गाडी नीट. (पंढरपूर)

काटा इंजिनचा असतो. तापला तो बहुधा इन्व्हर्टर. त्याने स्वतःला वाचवायला ताकद कमी केली, आणि थंड झाल्यावर परत दिली. इन्व्हर्टरच्या लाइनचा छोटा इलेक्ट्रिक पंप बंद पडला किंवा मधूनमधून थांबत असेल तर असंच होतं. स्कॅनरवर पी०ए९३ (इन्व्हर्टर नीट थंड होत नाही, असा कोड) दिसेल.

घरी एवढंच पाहा : गाडी थंड असताना ‘रेडी’ करा (डॅशबोर्डवर रेडीचा दिवा लागेपर्यंत चालू करा), इन्व्हर्टरच्या टाकीत नजर टाका. कूलंट हलताना दिसलं पाहिजे. अजिबात निश्चल असेल तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. हलत असलं तरी पंप निर्दोष ठरत नाही. रेडी असताना इंजिन आणि पंखा केव्हाही चालू होतात, हात आणि ओढणी लांब ठेवा. नारिंगी केबलला मालकाने हात लावायचा नाही, आणि नेहमीच्या मेकॅनिकनेही नाही.

एसी त्याच वेळी गेला म्हणजे समोरचे पंखे आणि जाळीही पाहून घ्या. गाळपाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाडीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये उसाचं पाचट आणि धूळ अडकून बसते. बाहेरून पाहिलं तर स्वच्छ दिसतं, घाण दोघांच्या मध्ये असते. साध्या पाईपने, इंजिनच्या बाजूकडून बाहेर, धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला की पाती वाकतात. पुन्हा इशारा आला तर गाडी बाजूला घ्या, ‘पंढरपूर गाठू’ करू नका. आणि कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवायला सांगा. पुसलेल्या कोडवर निदान होत नाही.

प्रश्न : मागच्या सीटजवळून घोंघावल्यासारखा आवाज येतो. टॉवेलचे नमुने गाडीतूनच ने-आण करतो. संबंध आहे का? (होटगी रोड)

असू शकतो. तो बॅटरीच्या पंख्याचा आवाज. तो हवा ओढतो ती गाडीच्या आतली, मागच्या सीटच्या कडेच्या किंवा काचेखालच्या जाळीतून, मॉडेलनुसार जागा बदलते. टॉवेलाची आणि चादरीची तूस थेट तिथे जाते. जाळी व्हॅक्यूमने साफ करा, फिल्टर असेल तर काढून झटका. आत पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसला असेल तर सीट उघडून काम करावं लागतं, ते जाणकाराकडूनच. सीटवर चादर अंथरून जाळी झाकली असेल तर आजच उचला. आणि उन्हात उभी गाडी काढताना एसी लावा : आतली हवा थंड झाली तरच बॅटरी थंड होणार.

प्रश्न : कूलंट बदलल्यापासून डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज येतो. (मोहोळ)

हवा राहिली. साध्या गाडीसारखं टोपी उघडी ठेवून इंजिन चालवायला गेलं तर हायब्रिडचं इंजिन मध्येच बंद होतं आणि हवा तशीच राहते. त्यासाठी मेंटेनन्स मोड लावतात. प्रियसमध्ये ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा दाबून इग्निशन ऑन करायचं. मग पी (पार्क) मध्ये ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबा, एन (न्यूट्रल) मध्ये दोनदा, परत पी मध्ये दोनदा, हे सगळं एका मिनिटात. त्यानंतर ब्रेक दाबून स्टार्ट, की इंजिन न थांबता चालतं. हवा काढण्याचं काम भरणाऱ्याकडूनच पुरं करून घ्या. तरी आवाज परत आला, तर हवा गॅस्केटमधून येत असेल. वरचं जुळे सोलापूरचं पत्र वाचा आणि प्रेशर टेस्ट करा.

प्रश्न : आपल्या उन्हात जाडं ऑइल, म्हणजे २०डब्ल्यू-५०, बरं ना? (अक्कलकोट)

नाही. ०डब्ल्यू-२०. फिल्टरसह प्रियसमध्ये ४.२ लिटर, कॅम्रीत ४.४. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे थेंबही नको.

प्रश्न : माझी सियाझ एसएचव्हीएस आहे. इन्व्हर्टरचा पंप बदलून घ्या असं सांगतायत. (विजापूर रोड)

तुमच्या गाडीत कूलंटवर चालणारा हाय व्होल्टेज इन्व्हर्टर नाही. ती माइल्ड हायब्रिड, म्हणजे मोटर इंजिनला नुसता हातभार लावते; इंजिन आणि पाण्याचे नियम नेहमीच्या गाडीचेच. ‘सांगतायत’ त्यांना तो पंप बोट ठेवून दाखवायला सांगा.

प्रश्न : जुनी हायब्रिड घ्यायची आहे. एका नजरेत काय बघू? (बाळे)

एका नजरेत काही कळत नाही. पैसे देण्याआधी स्कॅनर, प्रेशर टेस्ट आणि बोअरस्कोप, तेही विक्रेत्याच्या नव्हे, तुमच्या माणसाकडून. बघायला सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी चालू करायची नाही. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काही न बोलता परत या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.