वही कपाटातून काढा

प्रश्न : मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. मुलगी बारावीत गेली. नीटच्या क्लासच्या टेस्टमध्ये बायोत ३६० पैकी १५१ आले. ४७ बरोबर, ३७ चूक, ६ सोडलेले. फिजिक्स अवघड जातं हे समजू शकतो, पण बायो तर नुसतं पाठांतर! चुकलेलं प्रत्येक उत्तर मी तिच्याकडून दहा-दहा वेळा लिहून घेतो. ती पाठ करायचं सोडून चित्रं काढत बसते, म्हणून ती वही कपाटात ठेवली. पेशी, बायोमॉलिक्यूल्स, जेनेटिक्स हा पायाच कच्चा आहे. क्लास बदलू की ड्रॉपची, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याची, तयारी ठेवू? सोबत चुकलेल्या प्रश्नांचा आणि तिच्या लिखाणाचा फोटो पाठवतो.

उत्तर :

नमस्कार. क्लास बदलू नका आणि ड्रॉपचं नाव आत्ता घरात काढू नका. बारावीचा जून आत्ता कुठे उजाडलाय आणि तुम्ही हरल्यानंतरची सोय बघताय. मुलगी ते ऐकत असणार.

मला जास्त खुपलं ते दहा वेळा लिहून घेणं. ३७ चुका, प्रत्येकी १० वेळा, म्हणजे ३७० ओळी. कूलरसमोर बसून एवढं खरडल्यावर तिच्या हाती काय लागतं? पुढच्या वेळी पेपर घरी दाखवायचा कसा टाळावा, एवढंच. तुमच्याच फोटोतलं एक उदाहरण घेतो. प्रश्न असा : आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक आहेत, त्यांचं मूल आजारी नाही, तर ते वाहक असण्याची शक्यता किती? तिने १/२ वर खूण केली. बरोबर उत्तर २/३. तिने खाली ‘२/३’ दहा वेळा लिहिलंय, सुबक अक्षरात. उद्या याच प्रश्नात सिकलसेलच्या जागी थॅलेसेमिया आला, की ती पुन्हा १/२ वरच खूण करील. कारण चूक कुठे झाली ते त्या दहा ओळींत कुठेच नाही.

चार चौकटी काढल्या असत्या तर ती अर्ध्या मिनिटात सापडली असती. एए, एएस, एएस, एसएस. ए म्हणजे निरोगी जनुक, एस सिकलसेलचं. एकच एस असेल तो वाहक, दोन्ही एस असतील तो आजारी. मूल आजारी नाही असं प्रश्नातच सांगितलंय, म्हणून एसएसच्या चौकटीवर काट मारायची. उरल्या तीन, त्यात वाहक दोन. मुलीने काट न मारता चारातले दोन मोजले, इतकंच. आणि अशा चौकटी ती जिथे काढत होती, ती वही तुम्ही कपाटात ठेवलीत.

‘बायो म्हणजे पाठांतर’ हा समज विदर्भातल्या घरांत तरी टिकायला नको. सिकलसेल आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत ओळखीचा आजार आहे, आणि तुम्ही ज्या तीन धड्यांची नावं लिहिलीत ते तिन्ही त्या एकाच आजारात भेटतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. हे वाक्य मुलं घोकतात आणि थांबतात. पुढे विचारा, त्याने बिघडतं काय? ग्लुटामिक ॲसिडच्या बाजूच्या साखळीवर ऋण भार असतो, ती पाण्यात रमते. व्हॅलिनची पाण्यापासून पळते. त्यामुळे ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात. झाले बायोमॉलिक्यूल्स. हे तंतू लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी ताठ करतात. ती बारीक केशवाहिन्यांत अडकते आणि १२० दिवस जगायची ती साधारण १० ते २० दिवसांतच फुटते. ही झाली पेशी. मग कोणीतरी विचारावं, तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, मग जनुक कुठून आलं? ती अस्थिमज्जेत तयार होताना तिला केंद्रक असतं, हिमोग्लोबिनचा बहुतेक साठा तेव्हाच भरला जातो. दोष असतो अकराव्या गुणसूत्रावर, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही, म्हणून मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच धोका. आलं जेनेटिक्स. यात घोकायचं काय उरलं ते तुम्हीच सांगा. ऋण भार कमी झाल्यामुळेच तर इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या ओढीने रेणू वेगळे करायच्या तपासणीत, हे हिमोग्लोबिन धन टोकाकडे जाताना मागे पडतं आणि वाहक ओळखू येतो.

आता दुरुस्ती. तीन आठवडे पुरतात. एनसीईआरटीच्या अकरावीत ८, ९, १० हे धडे ओळीने पेशी, जैवरेणू आणि पेशीविभाजनाचे आहेत, त्याच क्रमाने जा. पेशीसाठी रोज कोऱ्या कागदावर न बघता आकृती, आणि प्रत्येक अंगकासमोर दोन गोष्टी : काम काय, आणि ते बंद पडलं तर काय अडेल. वीसच्या वीस अमिनो ॲसिडच्या रचना पाठ करायला बसू नका. आम्लधर्मी ग्लुटामिक, आम्लारीधर्मी लायसिन, उदासीन व्हॅलिन, वलयवाली टायरोसिन, फिनाइलॲलॅनिन, ट्रिप्टोफॅन, एवढ्यांवर पकड आधी.

खरी मेख दहाव्या धड्यात आहे. बहुतेक क्लासमध्ये तो घाईत उरकतात आणि मग जेनेटिक्स अधांतरी राहतं. दोन रंगांची लोकर घ्या, ४ गुणसूत्रांची पेशी करा. विभाजनाआधीच्या एस अवस्थेत डीएनए दुप्पट होतो, गुणसूत्रांची संख्या नाही, कारण मोजायचे ते सेंट्रोमिअर, म्हणजे जुळे दोरे जिथे जोडलेले असतात त्या गाठी. प्रत्येक दोऱ्याला जुळा दोरा एकाच गाठीत बांधला की गाठी ४ च राहतात, हे हाताला कळतं. मग अर्धसूत्रीच्या, म्हणजे अंडपेशी-शुक्रपेशी तयार होतानाच्या, पहिल्या विभाजनात जोड्या वेगळ्या होतात, प्रत्येक पेशीत गाठी २ होतात. दुसऱ्यात जुळे दोरे सुटतात, गाठी २ च राहतात. मेंडेलचे विभक्तीकरणाचा आणि स्वतंत्र वाटणीचा हे दोन्ही नियम या पहिल्या विभाजनातूनच निघतात. हे झाल्याशिवाय बारावीचा आनुवंशिकतेचा धडा उघडू नका. त्यानंतर रोज ६ क्रॉस, म्हणजे संकराची उदाहरणं. दोन गुणधर्मांचा सोळा चौकटींचा क्रॉस एकदाच काढावा, पुढे ३/४ गुणिले ३/४ करून थेट ९/१६. टेस्टच्या चुकांसमोर उत्तर लिहायचंच नाही. ‘कुठल्या पायरीला घसरले’ एवढी एक ओळ. ३७ ओळी.

नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण बायोचे. राज्याच्या एमएचटी-सीईटीत पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायो) गटात बायोचे १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, फार्मसी आणि कृषीची वाट तिथून. पशुवैद्यकीयला मात्र नीटच लागते.

तुमच्या पत्रात मुलीला काय हवंय याची एक ओळही नाही, म्हणून डॉक्टरकी की आणखी काही, यावर मी आज बोलणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचू नका.

वही आज संध्याकाळी परत करा. दोन रंगीत पेन्सिलीही आणा, गुणसूत्रांसाठी लागतील. आणि २/३ कसं येतं ते तिला तुम्हाला समजावून सांगायला लावा. मध्ये बोलू नका, काट कुठल्या चौकटीवर पडते तेवढं बघा.