ट्रेलर पाहून तिकीट काढावं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ट्रेलर कडक आणि सिनेमा फुसका, असं वारंवार का होतं? दिग्दर्शक तर एकच असतो.

सिनेमाचा दिग्दर्शक एकच असला तरी ट्रेलर बहुधा त्याने केलेला नसतो. मोठ्या सिनेमांचे ट्रेलर वेगळ्या कंपन्या कापतात. स्टुडिओचा प्रसिद्धी विभाग त्यांना चित्रीकरणाचं कच्चं फुटेज देतो, तेव्हा पुष्कळदा सिनेमाचं संकलनही पुरं झालेलं नसतं. कधी एकच काम दोन-तीन कंपन्यांना देतात आणि त्यातला सरस ट्रेलर बाहेर काढतात.

या मंडळींना कारणं द्यावी लागत नाहीत, हे त्यांचं मोठं सुख. नायक गच्चीवरून उडी मारतो, तर त्याच्यावर ती वेळ का आली हे सिनेमाला आधी पटवून द्यावं लागतं. ट्रेलरचं नुसत्या उडीवर भागतं. त्यामुळे पटकथेची भोकं ट्रेलरमध्ये दिसतच नाहीत. 2016 च्या 'सुइसाइड स्क्वाड'चा ट्रेलर गाजल्यावर तो करणाऱ्या कंपनीलाच सिनेमाच्या संकलनात ओढल्याच्या बातम्या आल्या होत्या. तयार झालेला सिनेमाही एकामागून एक गाण्यांवर कापलेल्या ट्रेलरसारखाच वाटतो. दोन मिनिटांची युक्ती दोन तास पुरत नाही.

मग ट्रेलरमध्ये नेमकं पाहायचं काय?

संकलकाला जे बनवता येत नाही, ते पाहायचं. पहिल्यांदा ट्रेलर नेहमीसारखा बघा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. अंगावर आलेला निम्मा काटा संगीताचा असतो, आणि ते संगीत सिनेमाचं असेलच असं नाही. 'इन्सेप्शन'च्या (2010) एका गाजलेल्या ट्रेलरची धून झॅक हेम्सीची होती, सिनेमाचं संगीत हान्स झिमरचं. सिनेमाचं संगीत अनेकदा ट्रेलरनंतर तयार होतं, म्हणून ट्रेलरवरून त्याबद्दल काहीही ठरवू नका.

आवाज बंद असताना पहिल्या मिनिटाकडे लक्ष द्या. शेवटच्या अर्ध्या मिनिटात धडाधड कट असणारच, त्यावरून मत बनवू नये. पण सुरुवातीच्या मिनिटात दोन नट एकाच चौकटीत समोरासमोर आहेत आणि कॅमेरा त्यांच्यावर तीन-चार सेकंद टिकला आहे, असा एक तरी शॉट सापडतो का? सापडला तर नट काय करतात ते तिथेच कळेल. एकही नसेल, प्रत्येक चेहरा एकटा आणि सेकंदभरच दिसत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

तिसऱ्यांदा आवाज लावा आणि बोलणाऱ्याचे ओठ बघा. संवाद ऐकू येतोय पण पडद्यावर उडणारी गाडी किंवा कुणाची पाठ आहे, तर ते वाक्य दोन प्रसंगांतून जोडलेलं असू शकतं. प्रश्न एका दृश्यातला आणि उत्तर भलत्याच दृश्यातलं, हा तर नेहमीचा खेळ. ओठांसकट दिसलेला संवाद तेवढा खरा धरा.

हाणामारीच्या सिनेमात कपडे आणि उजेड मोजा. भव्य वाटणाऱ्या आठ तुकड्यांत नायकाचा शर्ट तोच, कपाळावरची जखम तीच आणि मागचा धूरही तोच असेल, तर ते आठ प्रसंग नव्हेत, एकच आहे. विनोदी सिनेमात हीच तपासणी विनोदांची करायची. हसू नटाच्या बोलण्यावर आलं की फक्त नेमक्या जागी मारलेल्या कटवर? कटवर आलेलं हसू थिएटरात सापडेलच याचा भरवसा नाही.

व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्यं) खोटे दिसले की सिनेमा बाद करावा का?

आधी प्रदर्शनाची तारीख बघा. टीझर, म्हणजे ट्रेलरआधीची छोटी झलक, सहा-आठ महिने आधी येतो, तेव्हा बरेच शॉट अर्धवट असतात. ट्रेलरसाठी निवडलेले शॉट रांग मोडून घाईने पुरे केलेले असतात. 'सॉनिक द हेजहॉग'चा ट्रेलर एप्रिल 2019 मध्ये आला, त्यातल्या पात्राच्या रूपावर टीकेचा भडिमार झाला, ते रूप नव्याने घडवलं गेलं आणि प्रदर्शन नोव्हेंबर 2019 वरून फेब्रुवारी 2020 वर गेलं. प्रदर्शनाला तीन आठवडे उरले असताना जे दिसतं, ते मात्र जवळजवळ अंतिमच समजा.

कातडी, केस, पाणी, धूर या गोष्टी पुढे सुधारतात. नटाच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि मागच्या आभाळात सूर्य उजवीकडे, ही चूक मात्र चित्रीकरणातच झालेली असते आणि सहसा निस्तरत नाही. प्राण्याचं किंवा राक्षसाचं पाऊल जमिनीवर पडताना वजन जाणवतं का, तेही बघा. आणि सगळीच मारामारी रात्री, पावसात असेल तर काहीतरी झाकलेलं असू शकतं.

ट्रेलरमधला प्रसंग सिनेमात नव्हता. ही फसवणूक नाही का? पैसे परत मागता येतात का?

दोन प्रकार आहेत. 'रोग वन'च्या (2016) ट्रेलरमधले बरेच शॉट सिनेमात नाहीत, कारण मधल्या काळात पुन्हा चित्रीकरण झालं आणि सिनेमाच बदलला. 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'च्या (2018) ट्रेलरमध्ये हल्क इतरांबरोबर रणांगणात धावतो, सिनेमात तसं घडत नाही. ही रहस्य राखण्यासाठी मुद्दाम केलेली दिशाभूल. आमच्या मते दुसरा प्रकार क्षम्य आहे, प्रेक्षकाचाच त्यात फायदा होतो.

पैशांचं म्हणाल तर आशा ठेवू नका. प्रोमोतलं गाणं सिनेमात नव्हतं म्हणून भारतात ग्राहक न्यायालयाने भरपाई मंजूर केली होती. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला : प्रोमो म्हणजे करार नव्हे, त्यामुळे सेवेत त्रुटी ठरत नाही. अमेरिकेत 'यस्टरडे' (2019) या सिनेमाच्या ट्रेलरमधली अभिनेत्री सिनेमात नव्हती, म्हणून दावा लागला. ट्रेलर ही जाहिरातच, असं 2022 मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं, पण पुढच्या वर्षी दावा फेटाळला गेला.

ट्रेलरच सगळी गोष्ट सांगून टाकतो. किती बघावा?

टीझर आणि पहिला ट्रेलर, बस. 2015 च्या 'टर्मिनेटर जेनिसिस'च्या ट्रेलरने सिनेमातला सर्वांत मोठा धक्का उघड करून टाकला होता. शेवटच्या आठवड्यांत येणारे ट्रेलर न ठरलेल्या प्रेक्षकाला ओढण्यासाठी असतात आणि त्यासाठी हातचं काहीच राखून ठेवत नाहीत. पहिला ट्रेलरही दीड मिनिटाच्या आसपास, कटांचा वेग वाढला की बंद करा. शेवटच्या भागातली दृश्यं त्या झपाट्यातच पेरलेली असतात.

चोवीस तासांत कोट्यवधी व्ह्यूज मिळाले म्हणजे सिनेमा चालणार?

पहिल्या दिवशी गर्दी होईल, एवढंच. त्या आकड्यात पैसे देऊन दाखवलेल्या जाहिरातींचे व्ह्यूजही मिसळलेले असतात. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा : प्रदर्शनाची तारीख दोनदा पुढे गेली आहे का, पहिला ट्रेलर गंभीर आणि दुसरा एकदम विनोदी झाला आहे का, आणि परीक्षणं आदल्या रात्रीपर्यंत रोखून धरली आहेत का. परीक्षणं रहस्य जपायलाही रोखतात, तारीख स्पर्धा टाळायलाही बदलतात, म्हणून एकट्यादुकट्या खुणेवर जाऊ नका. तिन्ही जुळल्या तर आगाऊ तिकीट काढू नका. शनिवार-रविवार जाऊ द्या आणि सोमवारी ठरवा.