पडद्यावरचे मांजर ऐकते कोणाचे?

प्रश्न : आमच्या घरचा बोका दहा हाका मारल्या तरी मान वळवत नाही. मग चित्रपटांतील मांजरे दिग्दर्शकाच्या मनासारखी कशी वागतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या बोक्याला दोष देऊ नये, चित्रपटांतील मांजरेही फारसे कोणाचे ऐकत नाहीत. पडद्यावर आपल्याला जे एकच मांजर वाटते, ती बहुधा सारख्या रंगाची तीन-चार मांजरे असतात. एक मांडीवर निवांत बसणारे, दुसरे धावण्यात तरबेज, अशी ज्याच्या त्याच्या स्वभावानुसार कामाची वाटणी केलेली असते. २०१९च्या ‘कॅप्टन मार्व्हल’मधील गूज या मांजराचे काम चार मांजरांनी केले. नायिका ब्री लार्सन यांना मांजरांची अ‍ॅलर्जी असल्यामुळे काही दृश्यांत तर खोटे मांजर वापरावे लागले.

शिकवणीचा सारा भर खाऊवर असतो. ठरावीक ‘टक्’ असा आवाज झाला की लगेच तोंडात मासळीचा किंवा कोंबडीचा तुकडा पडतो, हे एकदा डोक्यात बसले की त्या आवाजासाठी मांजर नेमलेल्या जागी जाऊन बसू लागते. मात्र राग किंवा भीती खाऊ देऊन आणता येत नाही. ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटात जोन्स हा बोका अंग फुलवून फिस्कारतो, त्या वेळी त्याच्यासमोर परग्रहावरचा प्राणी नव्हता. आडोशामागे एक जर्मन शेफर्ड कुत्रा ठेवलेला होता आणि आडोसा दूर होताच बोक्याने जे करायचे तेच केले.

काही वेळा शिकवणीचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘द गॉडफादर’च्या (१९७२) सुरुवातीच्या प्रसंगात मार्लन ब्रँडो यांच्या मांडीवर दिसणारे मांजर पटकथेत नव्हतेच. स्टुडिओत भटकणारे ते मांजर दिग्दर्शक कपोला यांनी उचलून ब्रँडोंच्या हाती दिले. ब्रँडो त्याला कुरवाळत राहिले आणि ते इतके खुशीत गुरगुरू लागले की ब्रँडोंचे बोलणेच नीट ऐकू येईना. ध्वनिमुद्रकाची त्या दिवशीची अवस्था कल्पनेनेच जाणावी! कोणा कसलेल्या मांजराला तो प्रसंग अधिक चांगला जमला असता, असे मला वाटत नाही.

प्रश्न : मांजरांना कधी अभिनयाचे पारितोषिक मिळाले आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : होय. अमेरिकेत चित्रपट-दूरचित्रवाणीवरील प्राण्यांसाठी ‘पॅट्सी’ नावाचे पारितोषिक दिले जात असे. फ्रँक इन यांनी शिकवलेल्या ऑरेंजी या तांबूस बोक्याने ते दोनदा पटकावले : एकदा ‘ऱ्हुबार्ब’साठी (१९५१) आणि दुसऱ्यांदा ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’साठी (१९६१). यांपैकी दुसऱ्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न यांनी भर पावसात छातीशी घट्ट धरलेला, नखशिखान्त भिजलेला बोका तोच. सेटवर मात्र तो बोचकारण्यासाठी आणि चावण्यासाठीच अधिक प्रसिद्ध होता.